मुक्या दरीचा होकार

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर तेव्हाचे डोंगर अजून जागेवर आहेत आणि तेव्हाचं माणूस एकही उरलेलं नाही.

एक राज्य होतं, आणि त्या राज्यात एक शहाणा नियम होता. राजाला मनात आलं की तलवार उपसता येत नसे. आधी कारण लागे. ते कारणही राजाने स्वतः सांगायचं नसे. त्यासाठी दरबारात एक आचार्य असत आणि त्यांचं काम तेवढंच असे.

बरं, कारण नुसतं सांगूनही भागत नसे. राज्याच्या सीमेवर एक खोल दरी होती. अमावास्या सरली की पुढचे तीन दिवस, ऐन मध्यान्ही, आचार्यांनी कड्यावर उभं राहून दरीला कारण ऐकवायचं. रोज एक नवं वाक्य. तिन्ही दिवस दरीने त्या त्या दिवसाचं वाक्य जसंच्या तसं परत दिलं, तर देवीचा होकार मिळाला असं समजायचं. एक दिवस जरी दरी गप्प राहिली, तरी सैन्याने मुकाट्याने घरी जायचं.

गंमत अशी की ती दरी मुकी होती. कुणी हाक मारो, वीज कडाडो, दरड कोसळो, तिच्यातून पडसाद म्हणून उमटत नसे. विहिरीत दगड टाकावा आणि तो पाण्यात पडल्याचं कधी ऐकूच येऊ नये, तसं वाटायचं. त्यात रोज ऐन दुपारी तिच्यातून धुकं वर यायचं. वैशाखात, डोकं तापवणाऱ्या उन्हातसुद्धा यायचं. पाखरंही त्या वेळी दरीवरून उडत नसत.

अशी दरी बोलली, तर ती देवीच बोलली, नाही का? लोकांना तरी तसं वाटे. आचार्यांच्या आजोबांच्या काळात ती एकदा बोलली होती, आणि त्या साली गावोगावच्या अर्ध्या घरांत चुली पेटल्या नव्हत्या. पण चुली विसरल्या जातात. दरी बोलली होती एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

आता या आचार्यांविषयी सांगतो. माणूस वाईट नव्हता. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणारा, कुणाचं फुकट न खाणारा. घरात विधवा धाकटी बहीण आणि तिचा एकुलता एक मुलगा. आचार्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. भाच्याला त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलं, त्यांनीच त्याला अक्षरं गिरवायला शिकवली. या गोष्टीत इतर कुणाचं नाव सांगण्याची गरज नाही, पण त्या भाच्याचं सांगायला हवं, कारण पुढे त्याला हाक मारावी लागणार आहे. त्याचं नाव गोविंदा. घरात सगळे गोंदा म्हणत.

आचार्यांना एकच व्यसन होतं, आणि ते तंबाखूचं नव्हतं. त्यांना आपल्या वाक्यांचं वेड होतं. एखादं वाक्य मनासारखं जमलं की ते दिवसभर तोंडातल्या तोंडात घोळवत हिंडायचे. जेवताना भातावर ताक घ्यायचंही विसरायचे.

त्या वर्षी राजाने त्यांना बोलावून घेतलं. दरीच्या माथ्याशी गवताचं एक पठार होतं. अर्ध्यात इकडची गुरं चरत, अर्ध्यात पलीकडच्या राज्यातली.

"आचार्य, मला ते सगळं पठार हवंय," राजा म्हणाला.

"महाराज, हवं आहे असं म्हणायचं नसतं," आचार्य हसून म्हणाले. "आपलंच आहे, असं म्हणायचं."

"बरं, आपलंच आहे. मग?"

"आणि गवतासाठी असंही म्हणायचं नसतं. गवतासाठी बैल भांडतात. माणसं भांडतात ती काहीतरी उंच गोष्टीसाठी. ते मी बघतो."

राजा खूश झाला. आचार्य घरी आले, पाटावर बसले आणि तीन वाक्यं करायला घेतली. बहिणीने पानं मांडली, वाढलं, निवलेलं परत उचलून नेलं. गोंदा मात्र मामासमोर मांडी घालून बसून राहिला. तो तेवीस वर्षांचा होता, सैन्यात नुकताच भरती झाला होता आणि मामाचं प्रत्येक वाक्य त्याला पाठ असे.

अमावास्या सरली. पहिल्या दुपारी आचार्य कड्यावर गेले. मागे, बऱ्याच अंतरावर, राजा आणि चार मानकरी उभे होते. सूर्य डोक्यावर आला, आणि धुकं वर चढून आचार्यांच्या पावलांशी थांबलं. आचार्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आम्ही शांत माणसं आहोत, पण आमच्या शांततेला कुणी दुबळेपणा समजू नये."

क्षणभर काहीच झालं नाही. मग धुक्यातून आवाज आला. "आम्ही शांत माणसं आहोत, पण आमच्या शांततेला कुणी दुबळेपणा समजू नये."

मागे मानकऱ्यांनी जमिनीवर डोकी टेकली. आचार्यांच्या अंगावर सरसरून काटा आला, पण त्या काट्यात सुखही होतं. आपलं वाक्य देवीला आवडलं, असं कोणत्या लेखकाला वाटणार नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी त्या दिवसाच्या वाक्यात एक फेरफार केला. 'कर्तव्य' होतं तिथे 'ऋण' घातलं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, गोंदालासुद्धा नाही. दुपारी कड्यावर उभे राहिले, धुकं पावलांशी आलं, त्यांनी श्वास घेतला, आणि तोंड उघडायच्या आतच दरी बोलली.

"पूर्वजांनी पाहिलेलं स्वप्न पुरं करण्याचं ऋण आमच्या खांद्यावर आहे."

शब्द तेच होते, सकाळी घातलेलं 'ऋण'ही होतं. मागे उभ्या असलेल्यांना एवढ्या लांबून काय कळणार? आचार्यांनी चाचरत तेच वाक्य म्हटलं, आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले. राजाने जयजयकार केला. सगळे आनंदाने परत फिरले. "मी जरा ध्यान करून येतो," असं सांगून आचार्य एकटेच मागे राहिले.

ऊन रणरणत होतं. त्यांनी दरीला आपलं नाव सांगितलं. दरी गप्प. मग टाळी वाजवली. दरी गप्प. मग पहिल्या दिवसाचं वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. तरीही गप्प.

"आता कशाला वरडता बुवा? त्ये गेलं की जेवाया," कुणीतरी म्हणालं.

आचार्य दचकून वळले. करवंदीच्या जाळीआड एक म्हातारी धनगरीण शेळ्या घेऊन बसली होती. तिच्या तोंडावर इतक्या सुरकुत्या होत्या की ती हसतेय की रडतेय, ते समजेना.

"कोण जेवायला गेलं, आजी?"

"पल्याडचं बुवा. तुमच्यावाणीच हाईत. शाल बी अशीच." म्हातारीने शेळीला जवळ ओढलं. "म्या मगाशी खाली वढ्याला शेरडं घिऊन उभी व्हते. उजव्या कानात तुमी आन् डाव्या कानात त्ये. आज त्येंनी आदी सुरू केलं. घाई झाली आसंल."

"आजी, अहो, ही देवीची दरी आहे!"

"हाय की. म्हनूनशान तर मुकी हाय." म्हातारी उठली. "माजी आज्जी सांगायची. दोन भाऊ व्हते, राजं. वाटनी झाली. तवा दोगांनी आन घेतली, का दरीनं व्हय म्हनल्याबिगर लढायचं न्हाई. दरी मुद्दाम मुकी बगितली. म्हंजी कदी लढाईच व्हनार न्हाई, आसं. शानी व्हती मान्सं. मागनं शिकल्याली आली."

एवढं बोलून ती शेळ्यांमागे निघून गेली. आचार्यांनी धोतराचा काचा मारला आणि दरीत उतरायला लागले.

धुक्यात हाताला हात दिसत नव्हता. पायाखालची वाट मात्र मळलेली होती, जणू रोज कुणी ये-जा करतं. वाटेत एके ठिकाणी गंजलेल्या तलवारींचा ढीग होता. त्यातून वेली वर आल्या होत्या. आजोबांच्या काळातल्या असाव्यात. आचार्यांनी तिकडे बघायचं टाळलं.

खाली ओढ्याकाठी पाण्यात पाय सोडून एक माणूस बसला होता. तशीच शाल, तसंच गंध, मांडीवर तशीच पोथी. आचार्यांना वाटलं, आपण आरशासमोर आलो. त्या माणसालाही तेच वाटलं असावं, कारण तो घाबरून उठून उभा राहिला.

"तुम्ही पलीकडचे?" दोघांनी एकदमच विचारलं. तेही त्याच आवाजाचा माग काढत उतरले होते.

आणि मग काय झालं असेल? युद्ध टळावं म्हणून दोघांनी एकमेकांना मिठी मारली? छे! आधी पुष्कळ वेळ दोघं भांडले, ते वाक्यावरून.

"'ऋण' माझं आहे! आज सकाळीच घातलं!"

"मीही आज सकाळीच घातलं! काल 'कर्तव्य' होतं!"

"माझंही 'कर्तव्य'च होतं!"

दोघांनी पोथ्या उघडल्या आणि शेजारी शेजारी धरल्या. पानामागून पान एकच. त्यांच्या पोथीत इकडचे लोक लोभी होते, आणि यांच्या पोथीत तिकडचे. देशाचं नाव तेवढं बदललं होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढाच काय तो दोन्ही पोथ्यांमधला फरक. कुठेही जा, पळसाला पानं तीनच.

शेवटी दोघं थकून काठावर बसले.

"उद्याचं वाक्य?" आचार्यांनी हळूच विचारलं.

पलीकडच्याने पान उलटून दाखवलं. "जो देशासाठी मरतो तो मरत नाही, तो देशाचा आवाज होतो."

आचार्यांनी आपलंही पान दाखवलं. दोघं बराच वेळ त्या वाक्याकडे बघत राहिले. काही म्हणा, वाक्य सुरेख होतं.

"माझा जावई पहिल्या रांगेत आहे," पलीकडचे आचार्य एकदम म्हणाले. त्यांचा आवाज आता कड्यावरच्यासारखा नव्हता. "मुलगी चार महिन्यांची गरोदर आहे."

"माझा भाचा," आमचे आचार्य म्हणाले. "मुलासारखाच. मुलगाच."

ओढ्याचं पाणी वाहत होतं, पण त्याचाही आवाज येत नव्हता. मग आचार्यांनी हात पुढे केला. "उद्या तुम्ही बोलू नका, मीही बोलत नाही. दोन्ही कड्यांवर दरी गप्प राहील. नियम नियमच आहे, सैन्यं घरी जातील."

"आपल्याला लोक नावं ठेवतील."

"ठेवू द्या."

"जगलेलेच ठेवतील ना? बरंच आहे मग," पलीकडचे म्हणाले, आणि ओढ्याचं पाणी ओंजळीत घेऊन दोघांनी शपथ वाहिली.

संध्याकाळी आचार्य घरी पोचले. बहीण गोंदाच्या शिदोरीसाठी दशम्या करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"दादा, एक विचारू? उद्या दरी बोलली नाही तर?"

"तर सगळे घरी येतील."

"बोलणार नाही ना रे?"

आचार्य तिच्याजवळ खाली बसले. कित्येक वर्षांत ते स्वयंपाकघरात असे बसले नव्हते. "नाही बोलणार. माझा शब्द घे. उद्या दुपारी गोंदा तुझ्या हातचं गरम जेवेल. या दशम्या मला दे, मीच खातो."

बहिणीने डोळ्यांना पदर लावला आणि खरंच एक दशमी त्यांच्या हातावर ठेवली. आपल्या वाक्यांनी एवढं समाधान कुणाच्या तोंडावर कधी आलं नव्हतं, असं आचार्यांना त्या वेळी वाटून गेलं. ते खरंही होतं.

तिसरी दुपार आली. आज सगळं सैन्य कड्यावर जमलं होतं. मागे बायाबापड्या, म्हातारेकोतारे, खांद्यावर बसलेली पोरं. नगारे वाजत होते. धुक्यापलीकडूनही नगारे ऐकू येत होते, आणि लोक म्हणत होते, बघा, आज दरी आधीपासूनच जागी आहे. आचार्य पुढे झाले. राजाने हात वर केला आणि नगारे थांबले. पलीकडचेही थांबले.

धुकं पावलांशी आलं. आचार्य ओठ घट्ट मिटून उभे राहिले.

हजारो माणसं श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होती. आयुष्यात एवढी माणसं आपलं ऐकायला कधी जमली नव्हती आणि पुन्हा कधी जमणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या रांगेत गोंदा होता. त्याचे डोळे चमकत होते आणि ओठ हलत होते. ते वाक्य तो आधीच मनात म्हणत होता.

आणि आचार्यांच्या मनात एक विचार आला. आता नीट ऐका, कारण असा विचार अडाणी माणसाला सुचत नाही. तो सुचायला पोथ्या वाचाव्या लागतात. ते मनाशी म्हणाले, 'पलीकडच्यांनी तर शपथ घेतलीय, ते गप्पच राहणार. मग मी बोललो तरी दरीतून उत्तर येणारच नाही. उत्तर नाही म्हणजे युद्ध नाही. गोंदा घरी जेवेल तो जेवेलच. मग हे एवढं सुंदर वाक्य पोटात ठेवून मरण्यात काय अर्थ आहे? बोललं तर बिघडलं कुठे?'

त्यांनी श्वास घेतला, आणि जन्मात लागला नव्हता असा त्यांचा आवाज लागला.

"जो देशासाठी मरतो तो मरत नाही, तो देशाचा आवाज होतो!"

शब्द दरीत गेले. शांतता पसरली. आचार्यांनी मनातल्या मनात एक, दोन, तीन मोजले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. बोलूनही झालं आणि निभावलंही.

तेवढ्यात धुक्यातून तेच वाक्य आलं. तोच उंच चढवलेला सूर, शेवटी तोच जोर. तिकडच्या शहाण्यालाही तोच विचार सुचला होता.

कडा हादरेल असा जयघोष झाला. आचार्य वळले. 'थांबा, ती देवी नव्हे, तो माझ्यासारखाच एक म्हातारा आहे,' एवढंच सांगायचं होतं. पण सांगायचं म्हणजे कालपासून ठाऊक होतं हेही सांगावं लागणार. राजाने त्यांच्या खांद्यावर भरजरी शेला घातला, आणि गोंदा रांग सोडून धावत आला आणि त्याने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मामा, काय बोललात! मी जातो."

आचार्यांचा हात त्याच्या डोक्यावर गेला. तोंडातून सवयीने शब्द निघाले, "विजयी भव."

दोन्ही सैन्यं दरीत उतरली. आश्चर्य असं की खालून काहीच ऐकू आलं नाही. ना तलवारींचा खणखणाट, ना किंकाळी. माणसं धुक्यात शिरत होती आणि वर फक्त ऊन तापत होतं. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी राजा वर आला. राजे येतात. त्याच्याबरोबर मूठभर माणसं आली आणि त्यांत गोंदा नव्हता. पठारावरचं गवत त्या वर्षी कुणीच कापलं नाही, कापायला हातच उरले नव्हते.

बहीण रडली नाही. तेराव्या दिवशी ती आचार्यांसमोर येऊन बसली. "दादा, तू सगळ्यांना कारण सांगतोस. मलाही सांग. मला खरंच कळलं नाही रे. गोंदा कशासाठी गेला?"

आचार्यांना तिन्ही वाक्यं आठवली, पण एकही तोंडातून फुटेना. ते उठले आणि म्हणाले, "चल. त्यालाच हाक मारू."

ऐन दुपारी दोघं कड्यावर आली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. धुकं पावलांशी येऊन थांबलं. आचार्यांनी तोंडाशी हात धरला आणि पोटातून हाक मारली, "गोंदाऽऽ!"

जी दरी कधीच कुणाच्या हाकेला बोलली नव्हती, ती बोलली. आवाज गोंदाचा होता. किंचित घोगरा, 'र'वर अडखळणारा, लहानपणापासून होता तसाच.

"जो देशासाठी मरतो तो मरत नाही, तो देशाचा आवाज होतो."

मग त्याच्यामागे दुसरा आवाज, तिसरा, दहावा, शंभरावा. इकडचे आणि तिकडचे, पोरसवदा आणि राकट. सगळे एकच वाक्य म्हणत होते, एका सुरात, पाढे म्हणावेत तसे. धुकं त्या आवाजाने थरथरत होतं.

बहिणीने दोन्ही हात पसरले. "गोंदा! अरे, मी आलेय! आई आलीय!"

"जो देशासाठी मरतो तो मरत नाही..."

ती पुन्हा पुन्हा हाका मारत राहिली. त्याची आवडती भाजी सांगितली, त्याच्या म्हशीला रेडकू झाल्याचं सांगितलं. दर वेळी तेच वाक्य आलं. शेवटी ती भावाकडे वळली. तेराव्या दिवशी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आवाज माझ्या लेकराचा आहे, दादा. बोलणं तुझं आहे. तू त्याच्या तोंडात एवढं काय भरलंस, की 'आई' म्हणायलासुद्धा जागा राहिली नाही?"

आचार्य कड्याच्या टोकाशी गुडघ्यांवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा, न सजवता, खरं ते ओरडले. "गोंदा, ते खोटं होतं रे! गवतासाठी होतं! मला ठाऊक होतं! वर ये!"

आवाज थांबले. दरी पूर्वीसारखी मुकी झाली. आचार्य ओरडतच राहिले, आणि धुकं जरा विरळ झालं तेव्हा पलीकडच्या कड्यावर शाल पांघरलेलं दुसरं एक माणूस गुडघ्यांवर बसून तसंच ओरडताना दिसलं. त्यालाही कुणी उत्तर दिलं नाही.

त्यानंतर आचार्यांनी दरबार सोडला. रोज दुपारी ते कड्यावर जात आणि खरं ते सांगत. मेलेल्यांना जिवंतपणी जे पढवलं तेवढंच येतं, हे त्यांना कळायला फार वर्षं लागली.

वीस वर्षं गेली. राजाचा मुलगा राजा झाला. गादीवर नवा, डोक्याने हुशार, आणि त्यालाही ते पठार हवं होतं. दरबारात नवे आचार्य होते. त्यांनीही तीन वाक्यं केली, अमावास्येनंतर शाल पांघरून कड्यावर आले आणि पोथी उघडली.

पण त्यांना तोंड उघडावंच लागलं नाही. ते पाऊल टाकतात न टाकतात तोच दरीतून हजार आवाज तेच जुनं वाक्य म्हणत उठले. तीन दिवस थांबायचीही गरज उरली नाही. एवढा मोठा होकार कुणाच्या आजोबांनीही ऐकला नव्हता. तरुण पोरं भारावून कड्याकडे धावली.

म्हातारे आचार्य वाट अडवून आडवे उभे राहिले. हात पसरलेले होते. "अरे, जाऊ नका! ती देवी नाही! ती आपलीच पोरं आहेत, आधी मेलेली! माझ्या शब्दांनी मेलेली!"

सगळ्यांत पुढचा तरुण थांबला. चांगल्या घरचा होता, अदबीने बोलला. त्याने म्हाताऱ्याला दंडाला धरून हळूच बाजूला केलं, पडणार नाही असं एका दगडावर बसवलं.

"आजोबा, आपलीच पोरं हाक मारतायत म्हणता ना?" तो म्हणाला. "मग तर जायलाच हवं."

आणि तो धुक्यात उतरला. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. आचार्य दगडावर बसून पावलांचे आवाज ऐकत राहिले, आणि ते थांबल्यावर खालच्या आवाजांत काही नवे आवाज मिसळायची वाट बघत राहिले.

तात्पर्य: शहाण्याने युद्धाला एकदा दिलेलं कारण त्याला स्वतःलाही पुन्हा कधी परत घेता येत नाही.